चुकून पुसलेली डिस्क

उस्ताद, तुम्हाला लिहायला फार उशीर झाला, माफ करा. तुमच्या मातीलाही मी वेळेवर पोचलो नव्हतो. वसमतला तुमच्या रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात शिकायला आलो तेव्हा माझं नुकतंच लग्न झालं होतं, म्हणून तुम्ही मला जावईबापू म्हणायचा; शाळा सातवीतच सुटलेली. एकदा बाकावर सारखेच दोन रेडिओ होते, एक चांगला, एक बिघडलेला, तशा चिठ्ठ्या चिकटवलेले. वाऱ्यानं पडलेल्या चिठ्ठ्या मीच उचलून लावल्या, मग त्याच वाचून एक रेडिओ खोलला. तो चांगला चालणारा निघाला. तुम्ही चहाचा कप खाली ठेवता. ‘‘जावईबापू, चिठ्ठी काहून वाचता? रेडिओ बघा की. बिघडलेल्याच्या बुडाला डाग हाय.’’ गिऱ्हाइकं हसतात. माझी कानशिलं अजून तापतात.

बायको गेल्यापासून घरात मी एकटाच. पोरगी पुण्याला. तिनं जुना कॉम्प्युटर दिला आणि त्यावर लिनक्स कसं टाकायचं ते फोनवर सांगत गेली. आत दोन डिस्क. रिकामीचे दोन भाग पाडायचे, एकात लिनक्स, दुसऱ्यात फायली. दुसऱ्या डिस्कवर तिच्या आईचे रेकॉर्ड केलेले फोन साठवलेले होते. ‘‘अंबाडीची भाजी करून राहिले, तुझे बाबा लसूण सोलून राहिले,’’ असलंच बोलणं. तो आवाज आणखी कुठंच नाही. पोरगी म्हणाली, ‘‘बाबा, नावावर जाऊ नका. मशीन बंद करून चालू केलं की डिस्कची नावं बदलू शकतात. माप बघा. रिकामी पाचशे जीबीची, आईची हजाराची.’’ मी ‘‘व्हय, व्हय’’ म्हणालो आणि वहीत रिकामीचं नाव लिहिलं, एसडीबी. माप लिहिलं नाही. मधेच लाइट गेली. आल्यावर मशीन चालू केलं, वहीत बघून एसडीबीचे भाग पाडले, फॉरमॅट केली. मग यादीत माप बघितलं. हजार.

बिघडलं की आधी हात काढायचा, हे तुमचं तेवढं ध्यानात होतं. मशीन बंद केलं, डिस्क काढून डब्यात ठेवली. पुसलेल्यावर नवं काही लिहिलं नाही तर जाणकारांना थोडंफार परत काढता येतं, असं पोरगीच मागं म्हणाली होती. पण त्यासाठी तिला सांगावं लागेल. आज सकाळी तिचा फोन आला.

‘‘झालं का, बाबा?’’

‘‘लाइट न्हाई,’’ मी म्हणालो. डोक्यावर पंखा खडखडत होता. तिला ऐकू गेला असणार. तिनं एवढंच विचारलं, ‘‘जेवलात का?’’

हे पत्र कुठल्या पत्त्यावर टाकू? उशीखालीच राहील. खरं सांगतो उस्ताद, ती रागवेल याचं मला भय नाही. फोन करणं कमी करील, याचं आहे. उद्या ती पुन्हा विचारील. पहिलं वाक्य काय बोलू, तेवढं लवकर कळवा.