इंजिनघर आणि खालचं पाणी

३ नोव्हेंबर

आज सगळं फिरलं. मी भट्टीत फावडं घालत होतो, तेवढ्यात मॅनेजर दारात येऊन म्हणाला, "महिनाअखेर इंजिन बंद." हवापाण्याबद्दल बोलावं तशा आवाजात. मी फावडं आपटलं. मामाने दंड धरला, नाहीतर माझी नोकरी आजच गेली असती.

त्याचं म्हणणं — खाणीतून काही निघत नाही, मग रिकाम्या खाणीतलं पाणी कशाला उपसायचं? त्याच्या जागी बरोबरच. पण खालच्या बोगद्यात माझा मित्र आहे. दोन वर्षांपूर्वी छत कोसळलं, त्याला बाहेर काढताच आलं नाही. त्याची आई, जिला मी मावशी म्हणतो, रोज इंजिनघरापाशी बाकावर येऊन बसते. म्हणते, "माझा लेक कोरडा आहे. इंजिन एवढं करतंय, पुष्कळ झालं."

आणि त्याची बहीण... तिच्याबद्दल आज नाही लिहीत.

४ नोव्हेंबर

लिहितोच. मित्रासाठी कॉलेज सोडलं असं सगळ्यांना सांगितलं. अर्धं खरं. उरलेलं अर्धं रोज संध्याकाळी आईला न्यायला येतं आणि माझ्याकडे न बघता म्हणतं, "आज धूर जास्त होता." एवढ्यावर माझा अख्खा दिवस निघतो!

९ नोव्हेंबर

इंजिन मामा चालवतो, मी कोळसा मारतो. आज डबा खाताना तो या घराबद्दल बोलत होता. आधी हे घर उभं राहिलं, मग वस्ती. एक भिंत बाकीच्यांच्या तिप्पट जाड — वरची लोखंडी तुळई तिच्यावरच टेकून वरखाली होते. एका टोकाला वाफ, दुसऱ्या टोकाला खाणीतलं पाणी. इंजिन या घरात नाहीच, घरच इंजिनाचा अवयव आहे. संप झाले, मालक बदलले, पण हे थांबलं नाही. पाळी बदलताना इथे कुणी "काय, कसं काय" म्हणत नाही. जाणारा म्हणतो, "पाणी खाली आहे." येणारा म्हणतो, "खालीच राहील." मगच फावडं हातात मिळतं. पहिल्या दिवशी मी हसलो, तर मामाने फावडं दिलंच नव्हतं.

"कॉलेजात हे शिकवलं का रे?"

"नाही."

"मग सोडलंस ते बरंच. नाहीतरी पदवी देताना शेवटी काळा डगलाच चढवणार होते, इथे कोळशाचा फुकट मिळाला."

३० नोव्हेंबर

मॅनेजर कालच गाडीत बसून गेला. इंजिन बंद करायचं काम मामावर टाकून. मामाचा हात काही झडपेकडे गेला नाही. त्याला दुसरीकडे काम मिळालंय. "चल माझ्याबरोबर," म्हणाला. मी नाही म्हटलं. शब्दाने शब्द वाढला. मी म्हणालो, "पळ तू." सख्ख्या मामाला! तो किल्ली माझ्या हातात ठेवून म्हणाला, "तापट डोकं आणि तापला बॉयलर एका खोलीत ठेवू नये. पण ठेवून चाललोय."

४ डिसेंबर

एकटाच चालवतोय. कोळसा संपला. खाणीतून काढलेले जुने लाकडी टेकू फोडून जाळतोय. हाताची सालटी निघाली. वस्तीत आता फक्त मायलेकी. आज ती माझ्याकडे बघून हसली. निदान मला तसं वाटलं. जिंकलो!

७ डिसेंबर

दुपारी ती एकटी आली.

"किती दिवस चालवणार?"

"तू म्हणशील तितके." हे वाक्य मी केव्हापासून घोकून ठेवलं होतं.

ती हसली नाही. "गेल्या आठवड्यात मी बोचकं बांधलं होतं. आई उंबऱ्यावरून परत फिरली. इंजिन चालू आहे, तो कोरडा आहे, मी कशी जाऊ म्हणाली. कंपनीने नळ तोडले, दिवे तोडले. तिचा खोकला ऐकतोयस ना? दोन वर्षांत ती एकदाही रडलेली नाही. तू तिला रडू देत नाहीयेस."

"मी हे तुझ्यासाठी —"

"माहितीये. म्हणून तर धड रागावताही येत नाही."

"आणि बंद केलं तर?"

"ती तुझं तोंड बघणार नाही. आणि तिला सोडून मी..." आणि चालू लागली.

म्हणजे चालवलं तरी ती नाही, थांबवलं तरी नाही.

८ डिसेंबर

रागाने दुप्पट लाकडं कोंबली. मावशी बाकावर खोकत होती. मला म्हणाली, "लाकडं पुरतील ना रे बाळा? नाहीतर आमचा पलंग फोड. मी जमिनीवर निजते."

मला तिच्याकडे बघवेना.

९ डिसेंबर

आज भट्टीत काही टाकलं नाही. वाफ उतरत गेली. तुळई अर्ध्यावर येऊन थांबली. मावशी उठली, दारात येऊन माझ्याकडे बघत राहिली. मग रडली. लेकीने तिला कवेत घेतलं. दोघी बोचकं घेऊन रस्त्याला लागल्या. मी खिडकीपासून बाजूला झालो — तिने वळून पाहिलं की नाही, ते मला कळायला नको होतं.

पाणी चढायला लागलं असेल. ते खाली मित्रापर्यंत पोचायच्या आत निघतो. दार ओढून घेतो.