सरला वाकली की पाय आखडा

प्रकाशा,
अखाजीचा चौथा दिवस, १९६४

रा. रा. चुनीलालभाई यांस,

रतिलालचा रामराम. तुमचा गुडघा, भाभींचा दमा आणि नंदुरबारला नवी बांधलेली खोली, तिन्ही ठीक असोत. इकडे सर्व खुशाल आहेत, कंबरा सोडून. त्याचंच सविस्तर लिहितो.

तुमची भाची सरला सातवीच्या सहामाहीत पहिली आली हे कळवलं होतंच. पण पोरीचा आवाज म्हणाल तर चुलीपासून ओट्यापर्यंत पोचत नसे. बक्षिसाला नाव पुकारलं तर पुढे जायचं सोडून मैत्रिणीच्या पाठीमागे लपली. (तुमची बहीण जसोदा म्हणते, बापावर गेली. मी यावर काही बोललो नाही.) म्हणून तिला वीरसिंग मास्तरांकडे घातलं. हे शाळेतले नवे कवायत मास्तर, बडोद्याकडून जपानी कुस्ती, म्हणजे जुजुत्सू, शिकून आलेत. रोज सकाळी तापीच्या वाळूत पोरंपोरी एकमेकांना आपटतात. मास्तरांचं म्हणणं, पडायची भीती गेली की बोलायचीही जाते. पद्धत अशी की आधी समोरच्याला वाकून नमस्कार, मग पाय ओढून पाठीवर, आणि पाडताना पोटातून "हाऽ!"

आता आमच्या गुजरांच्या घरांत दिवसातून किती वेळा वाकणं होतं, हे तुम्हाला काय सांगायचं! पाहुणा आला, वाक. आत्या निघाली, वाक. पोरं पायाशी आली की हात सवयीने पाय ओढू लागले. पहिले आडवे झाले सुपडूकाका, आशीर्वाद अर्धा तोंडातच. तेव्हापासून गावातली वडीलधारी मंडळी पोर दिसलं की पाय ओट्यावर घेतात आणि लांबूनच "सुखी ऱ्हाय" म्हणतात. शेवटी हा वर्ग बंद करा असं मास्तरांना सांगायचं ठरलं, आणि सांगायला निवडलं मला. मी गेलो, हवापाण्याचं बोललो आणि परत आलो.

अखाजीला मात्र, ऐन अक्षय्य तृतीयेच्या सणाला, कहर झाला. दादांच्या (माझे वडील, मी चाळिशीला आलो तरी त्यांच्यासमोर खोकला आला तर बाहेर जाऊन खोकतो) आम्ही सगळे ओळीने पाया पडत होतो. सरलेची पाळी आली. ती वाकली, "हाऽ!" झालं, आणि दादा मागच्या कापसाच्या ढिगात. भाव वाढेल म्हणून राखलेला कापूस असा कामी येईल असं वाटलं नव्हतं. मिशी कुठली आणि कापूस कुठला, कळेना. दादांनी ढिगातूनच विचारलं, "आनखी काय येस वं तुले?"

सरलेने काय येतं ते सोडून काय शिकायचंय तेच सांगितलं, "माले आठवी शिकानी शे. नंदुरबारले!"

चुनीलालभाई, गल्लीच्या टोकाला ऐकू गेलं हो. हेच ती इतके दिवस माझ्या कानाशी कुजबुजत होती आणि मी दादांपुढे तोंड उघडत नव्हतो. सातवीनंतर पोरगी घरी, हा त्यांचा शब्द, आणि तो आजवर कोणी हलवलेला नाही. मला लाज वाटली आणि अभिमानही, दोन्ही एकदमच.

दादा बराच वेळ अंगावरचा कापूस वेचत बसले. मग म्हणाले, "ऱ्हाशी कोठे?" आणि घरातले सगळे माझ्याकडे बघायला लागले.

बाकी केळी बरी आहेत. भाभींना नमस्कार, लहानांना आशीर्वाद (लांबूनच).

आपला,
रतिलाल

ता. क. ती नवी खोली रिकामीच आहे ना? शाळा जूनमध्ये उघडते. दादांनी सांगितलंय, मामा हो म्हणाला तर पोरगी जाईल, नाहीतर हा विषय पुन्हा काढायचा नाही.

दुसरा ता. क. नाही म्हणायचं असेल तर पत्राने कळवू नका. स्वतः या आणि सरलेला समोर सांगा. ती आधी वाकून नमस्कार करील. कापूस आम्ही कालच विकला.