उरलेल्या चार कादंबऱ्यांची व्यवस्था

माझी बुद्धी शाबूत आहे, हे आज सकाळी डॉ. राजनंदिनी मोहिते यांनी तपासून लेखी दिले. दाखला सोबत जोडला आहे. मी, सातगोंडा भूपाल मगदूम, वय ७६, निवृत्त उपसंपादक, राहणार पलूस, जि. सांगली, जन्माने जैन, मताने नास्तिक, कोणाच्याही दबावाशिवाय पुढीलप्रमाणे लिहून ठेवतो. याआधीचे मृत्युपत्र रद्द समजावे.

१. राहते घर मुलगा जिनेश याला. त्यात त्याने हवे तेवढे मोठे देवघर करावे. मी बघायला नसेन.

२. बँकेतील ठेवी मुलगी श्रद्धा हिला. नाव तिच्या आईने ठेवले; तिथे माझे चालले नाही.

३. साताऱ्याचे मानसिंग निकम यांना काहीही नाही. साक्षीदाराला काही ठेवू नये असे वकील म्हणाले, ते सोयीचे झाले. आमच्या विवेकवादी मंडळात मी रामगोंडा अण्णांच्या अंतराळ-कादंबऱ्यांचे कौतुक केले, तेव्हा निकम सर्वांसमोर म्हणाले, "देव सोडलास आणि त्याचं विमान धरलंस व्हय रं?" पुढच्या बैठकीचे बोलावणे मला आले नाही. निकमांनी त्या कादंबऱ्यांचे एक पानही उघडलेले नव्हते.

४. कादंबऱ्या. अण्णा आमचे शेजारी, पक्के धार्मिक. त्यांच्या यानात सूर्य मावळतच नाही. सूर्यास्तानंतर न जेवणारे जैन प्रवासी भांडत बसतात, की रात्र कोणती धरायची. शेवटी स्वयंपाकीण म्हातारी शेगडी बंद करते: "सूर्य न्हाई तर न्हाई. थांबायचं आपलं आपण ठरवायचं." देव न मानणाऱ्या मला आयुष्यभर एवढे पुरले. अण्णांना तसे सांगितले, तर म्हणाले, ते वाक्य घरातलेच आहे, शालनचे, म्हणजे त्यांच्या पत्नीचे.

पुढे अण्णांनी दीक्षा घेतली, घर सोडून मुनिमहाराज झाले. महाराजांच्या नावावर कल्पित गोष्टी शोभत नाहीत, असे भक्तांच्या ट्रस्टने ठरवले आणि मिळतील तेवढ्या प्रती कृष्णेत सोडल्या. मी दवाखान्यात असताना जिनेशने माझ्या कपाटातल्या पाचांपैकी पहिली कादंबरी ट्रस्टला नेऊन दिली. विचारले तर म्हणाला, "पप्पा, तुमी तर काहीच मानत न्हाई. तुमाला काय करायची ती?"

उरलेल्या चार कादंबऱ्या शालनवहिनींना द्याव्यात. नवऱ्याने त्यांना मागे ठेवले, भक्तांनी पुस्तकातूनही काढले. त्यांना विचारले आहे. "आणून ठेवा भाऊजी, एवढं तरी घरात राहू दे," म्हणाल्या.

५. क्षमावाणीला, म्हणजे जैनांच्या क्षमा मागायच्या दिवशी, जिनेश दर वर्षी हात जोडतो. यंदा मी क्षमा केलेली नाही. शेवटच्या घटकेला केली, असे कोणी पसरवू नये.

या चारही ट्रस्टला मिळाव्यात म्हणून जिनेश हे मृत्युपत्र कोर्टात नेईल, अशी अपेक्षा आहे. नास्तिक म्हातारा एका धार्मिक माणसाच्या कल्पित कथा जिवापाड जपत होता, म्हणजे डोके ठिकाणावर नव्हते, असे त्याचा वकील म्हणेल. त्याचा निवाडा करायचा तर न्यायाधीशांना चारही कादंबऱ्या मागवून घ्याव्या लागतील. निदान एक माणूस तरी त्या वाचेल.

सही: सा. भू. मगदूम

साक्षीदार:
१. डॉ. राजनंदिनी मोहिते, पलूस
२. मानसिंग निकम, सातारा (मजकूर न वाचता)

पलूस, १४ नोव्हेंबर २०२५