आणखी एक वर्ष थांबावं म्हणून

प्रिय आई,

मी बरा आहे, वेळेवर जेवतो. तुझा रक्तदाब कसा आहे?

अर्लीन मावशीचा फोन आला. रविवारी पास्टर मोबलींनी भर चर्चमध्ये प्रार्थना केली म्हणे, "देवा, ओडेलला कॉलेजच्याच संघात राहू दे, करंडक येईपर्यंत तरी!" आणि सगळे "आमेन" म्हणाले. व्यावसायिक बास्केटबॉल खेळायचं की नाही, हे मला विचारलं का कोणी?

इथे कोचचंही तेच. "बाळा, आपण एक कुटुंब आहोत, आणखी एक वर्ष थांब." आमच्या संघातल्या कर्टिसचा गुडघा कायमचा गेला, तेव्हा याच कुटुंबानं ड्रेसिंग रूममधल्या त्याच्या कपाटावरची नावाची पाटी लगेच उतरवली. मी तसं तोंडावर बोललो. ते म्हणाले, "तू फार विचार करतोस." करतोच. उद्या माझा गुडघा गेला तर तेव्हा कोण "आमेन" म्हणणार आहे?

माझे गुडघे ठीक आहेत. बर्फ लावतो, तो फक्त सवयीनं.

पदवी मी उन्हाळ्याच्या सुट्ट्यांत पुरी करीन. ते वचन तुला दिलंय, चर्चला नाही.

शनिवारपर्यंत मला व्यावसायिक संघांच्या निवडीसाठी नाव द्यायचं आहे. त्याआधी एवढंच खरं सांग, त्या दिवशी तूही "आमेन" म्हणालीस का?

तुझाच,
ओडेल