मुरमातला पावणा

३ नोव्हेंबर

पोचलो एकदाचा. कोडोलीत वडापची जीप मिळेना म्हणून दुधाच्या टेम्पोत बसलो. टेम्पोवाल्याचा मामा पैलवान. त्याच्या कुस्त्या ऐकता ऐकता फाटाच मागं राहिला, मग उलटं चालत आलो. पण जागा झकास. वर जोतिबाच्या डोंगराकडं तांबडं रान, मधी उतारावर मुरूम, खाली रस्त्यापर्यंत काळं रान. सगळीकडं निलगिरी.

हा प्रयोग चालवणाऱ्या वर्षाराणी मॅडमनी काम समजावलं. ही सगळी झाडं एकाच झाडाच्या फांद्या लावून केलेली. झाड तेच, माती तेवढी वेगळी. कुठली माती त्याला कशी वाढवते ते बघायचं. छातीच्या उंचीला टेप गुंडाळायचा, घेर लिहायचा. एवढ्यावर पगार! मग मॅडम कोल्हापूरला गेल्या. इथं आता मी आणि आकारामतात्या. म्हातारा जन्मभर उसात राबलेला, मला ‘पावणं’ म्हणतो. माझी खोली मुरमात.

५ नोव्हेंबर

तांबड्यातली झाडं बघून मान दुखली. काळ्यातली जाड, बुटकी. मुरमातली तर पोरं उपाशी ठेवल्यासारखी. वास मात्र सगळीकडं बामचा. गोव्याच्या हॉटेलात एक कूक बाम लावून झोपायचा, त्याची आठवण आली. जावं का परत गोव्याला? कागलच्या ढाब्यावरही ओळख आहे. तात्या हसतात. म्हणतात, पावण्याच्या बुडाला भिंगरी हाय.

७ नोव्हेंबर

आज कोवळ्या फांद्यांचे तुकडे करून ट्रेमध्ये लावायचे होते. कात्रीनं अंगठाच कापला, भळाभळा. शेजारी डब्यात पांढरी पावडर होती. जखमेवरची असेल म्हणून चांगली दाबून भरली. तात्यांनी बघितलं आणि मला नळाकडं ओढलं. ती फांद्यांना मुळं फुटायची पावडर होती म्हणे. माझं मलाच हसू आलं. तात्या हसले नाहीत.

१० नोव्हेंबर

जखम भरली. पण मधून एक पांढरा दोरा निघालाय. ओढला तर कळ कोपरापर्यंत. तात्या म्हणाले, त्यांच्या आजीच्या काळात माणसांना नारू व्हायचा, अंगातून असाच दोरा यायचा. मग माझा अंगठा उजेडाला धरून निरखला. नारू आता होत नाही, हे मलाही माहीत आहे.

१२ नोव्हेंबर

काल दिवसभर तांबड्यात मोजणी केली, अनवाणी. संध्याकाळी दोरा बोटाएवढा झाला. त्याला फाटे फुटलेत. आज खोलीपाशीच बसलो, मुरमात, तर तसूभर वाढला नाही.

म्हणजे मातीवर आहे. झाडांसारखंच.

टाचांच्या भेगांत पण पांढरं दिसतंय. कात्रीनं कापून बघितलं. रक्त आलं नाही. बामचा वास आला.

१४ नोव्हेंबर

मॅडमना फोन केला. सगळं सांगितलं, रडलोसुद्धा. दवाखान्यात नेतील वाटलं होतं. त्यांनी एवढंच विचारलं, “कुठल्या मातीत उभा आहेस?”

मी म्हटलं मुरमात. म्हणाल्या, बरं, लिहून ठेव. फोन ठेवला.

आता इथं थांबायचं नाही.

१५ नोव्हेंबर

निघालो होतो. रस्ता खाली आहे, काळ्यातून जावं लागतं. वर जायचं तर तांबडं. बुटात पिशव्या घातल्या, पळत सुटलो. निम्म्यात पाय जड झाले. चिखल नव्हता, रान कोरडं होतं. बुटाचा तळ आतून फाटला आणि मी उभाच राहिलो. बरं वाटत होतं. हेच वाईट. तहान भागल्यासारखं बरं वाटत होतं.

तात्यांनी काखेत हात घालून उपटलं. उपटलंच म्हणायचं. तळपायाचं कातडं तिथंच राहिलं. पाठीवर घेऊन मुरमात आणलं. मला रस्त्यावर न्या म्हणून पाया पडलो. ते माझ्या पायांकडंच बघत होते. म्हणाले, मुळं दुखावली की आधी सावली लागती.

१६ नोव्हेंबर

खाटेवरच आहे. पाय वर. खाली ठेवायचे नाहीत.

तात्या सकाळी पाणी घेऊन आले. मला वाटलं प्यायला. पायांवर ओतलं — हळू, हातानं धार मोडत. मग टेप काढला. माझ्या छातीला गुंडाळला. मी ढकललं तर म्हणाले, ह्यात भ्यायचं काय.

माया करतात. खरंच करतात, ते डोळ्यांत दिसतं. म्हणून जास्त —

१७ नोव्हेंबर

बोटं वाकत नाहीत. पेन मुठीत धरलंय.

बाहेर ट्रॅक्टर. वरून येतोय, तांबड्याकडून. ट्रॉली भरलेली.

उसाला भर लावतात तशी. बुंध्याशी माती ओढायची, म्हणजे पीक पडत नाही. तात्यांना तेवढंच येतं —

दार लावलंय. कडी कच्ची आहे. ट्रॉली उलटली. दाराखालून माती आत येतेय. तांबडी. ओली केलेली. खाटेचा पाय बुडाला.

तात्या बाहेरून बोलतायत. आवाज मऊ. “पावणं, मुरमात जीव धरत न्हाय. पाय खाली सोडा. वाईच भर घालतो, मग बघा कसं —”

नाही सोडणार. मी नाही

पाय आपोआप खाली चाललेत — मी धरतोय, दोन्ही हातांनी — माती गार आहे, किती गार आ