सोमवारचे दुकान आणि ठकीची वेणी

मी, खाली सही करणार, वय वर्षे अठ्ठ्याहत्तर, धंदा न्हाव्याचा, हे मृत्युपत्र स्वखुशीने, कोणाच्याही सांगण्यावरून किंवा धाकाने नव्हे, लिहून ठेवतो. पंचावन्न वर्षे लोकांच्या गळ्यावर वस्तरा चालवला आणि एकाचीही तक्रार आली नाही, यावरून माझे डोके आणि हात ठिकाणावर आहेत हे मान्य व्हावे. तरीही डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. डॉक्टर माझे गिऱ्हाईक आहेत, पण दाखला खरा आहे.

१. सहा वर्षांपूर्वी केलेले मृत्युपत्र मी रद्द करतो. त्यात माझी सगळी मिळकत मुलाला, आणि त्यासोबत माझी मुलगी ठकी हिचा आयुष्यभराचा सांभाळही मुलाकडे, असे लिहिले होते. ठकी आता अडतीस वर्षांची आहे. तिची समज लहान मुलाएवढी राहिली, असे डॉक्टर म्हणतात. तिची समज माझ्यापेक्षा बरी कशी निघाली, ते कलम पाचमध्ये येईल.

२. राहते घर मुलाला द्यावे. घरातला पंखा आवाज करतो, तो माझ्यामागे तरी दुरुस्त करावा.

३. दुकान आणि दुकानावरची खोली मी आमच्या संस्थेला देतो. वकीलबाई म्हणाल्या, एवढे एक वाक्य पुरे. मला पुरत नाही.

सोमवारी आमचे दुकान बंद असे. एके दिवशी एक बाई सात वर्षांच्या मुलाला घेऊन आली. मशीनचा आवाज ऐकला की तो किंचाळायचा, म्हणून तीन दुकानांनी त्याला बाहेर काढले होते. मीही नाहीच म्हणणार होतो. पण माझी बायको तेव्हा डबा घेऊन आली होती, ती म्हणाली, "सोमवारी बोलवा. आरसा झाका, मशीन खणात टाका आणि त्याला नुसतं बसू द्या." पहिल्या सोमवारी तो नुसता बसला. दुसऱ्या सोमवारी कंगवा, तिसऱ्या सोमवारी पाण्याचा फवारा, आणि चौथ्या सोमवारी कात्री. प्रत्येक वेळी मी आधी विचारायचो, "लावू का हात?" तो मान हलवेपर्यंत थांबायचो. हा नियम बायकोचा. कौतुक मात्र माझे झाले, ते आज तिच्या नावावर करतो.

हळूहळू अशी आणखी मुले येऊ लागली. पोर खुर्चीत बसले की आया बाकावर बसत. त्यांच्यापैकी कित्येकींना आपल्यासारखी दुसरी बाई आजवर भेटलीच नव्हती. बोलणे सुरू झाले ते थांबेना. एकीची दाढ दुखत होती आणि मुलाला सोडून जाता येत नव्हते, तर दुसरीने तासभर दोघांना सांभाळले. तिथून पाळ्या लागल्या. मग एक वही आली: कोणाला काय आवडते, कोण कशाला घाबरते, कोणाला भरवताना मान कशी धरायची. एका परिचारिकेने आम्हाला स्वतःची कंबर न मोडता माणूस कसा उचलायचा ते शिकवले. त्या आयांपैकीच बँकेतल्या बाईंनी संस्थेची नोंदणी केली, आणि वरच्या खोलीत दोन खाटा पडल्या, म्हणजे आईबापांना दोन दिवस आजारी तरी पडता येईल. आज एकेचाळीस कुटुंबे आहेत आणि सांभाळायला पगारी ताई आहेत. या सगळ्यांचे माझ्यावर उपकार आहेत. ते फिटणारे नाहीत, म्हणून दुकान देतो.

अट एकच. बाक बदलू नये. सुट्या खुर्च्या आणल्यात तर माणसे अंतर ठेवून बसतील.

४. कात्र्या, वस्तरे आणि चामड्याचा पट्टा वीस वर्षे माझ्या शेजारी उभ्या राहिलेल्या कारागिराला. लहान मुलांना बसवायची फळी मात्र दुकानातच राहील.

शेजारच्या स्टेशनरीवाल्याने "असल्या मुलांमुळे गिऱ्हाईक बिचकते" असा अर्ज नगरपालिकेत केला होता. त्याची नक्कल माझ्या खणात आहे. पुढे तो स्वतःच्या नातवाला घेऊन त्याच बाकावर येऊन बसला. ती नक्कल त्याला द्यावी. फाडायची की ठेवायची, त्याचे त्याने पाहावे. माझा राग केव्हाच गेला.

५. आता ठकी. तिची आई रोज तिची वेणी घालायची. आई गेली त्या आठवड्यात मी ती वेणी कापून टाकली. मला निगा राखायला सोपे पडेल, एवढाच विचार केला. त्यानंतर एकोणीस वर्षे दर महिन्याला तिचे केस बारीक कापत आलो.

गेल्या वर्षी माझे खुब्याचे हाड मोडले. मी तीन महिने अंथरुणाला खिळून होतो, आणि ठकी वरच्या खोलीत राहिली. बरा झाल्यावर पहिल्याच सोमवारी वर गेलो, तिच्या खांद्यावर कापड टाकले आणि कात्री उचलली. तिने दोन्ही हात डोक्यावर ठेवले.

वरच्या ताई म्हणाल्या, "काका, विचारलंत का तिला?"

गावभरच्या पोरांना विचारत आलो आणि घरच्या पोरीला कधी नाही. मी कात्री खाली ठेवली. मग विचारले, "ठके, कापू का?"

"नको," ती म्हणाली. "वेणी."

मग दुसरेही विचारले, जे सहा वर्षांपूर्वी विचारायला हवे होते. मी नसेन तेव्हा कुठे राहशील? तिने खिडकीजवळच्या खाटेवर हात आपटला. "इथं. दादा रविवारी."

मुलाला हे सांगितले तेव्हा तो दुखावला. "बाबा, मी तिला नाही म्हणालो असतो का?" मी म्हणालो, "नसतास म्हणाला. म्हणूनच तुला विचारायची माझी हिंमत झाली नाही." तो बराच वेळ रडला. सूनबाईंनी दोघांनाही पाणी आणून दिले. त्या दिवसापासून तो एकही रविवार चुकलेला नाही.

म्हणून: खिडकीजवळची खाट हयातभर ठकीची. बँकेतली शिल्लक तिच्या खर्चासाठी, ती मुलाने आणि बँकेतल्या बाईंनी मिळून पाहावी. तिचे केस कोणीही तिला विचारल्याशिवाय कापू नयेत. तिला दुसरीकडे राहावेसे वाटले तर तेही ऐकावे, आणि दरवर्षी एकदा नव्याने विचारावे. वेणी घालायला मी ताईंकडून शिकलो आहे. अजून वाकडी येते.

६. या मृत्युपत्राची अंमलबजावणी वकीलबाईंनी पाहावी.

वरील सर्व मजकूर मी वाचून, आणि ठकीला मोठ्याने वाचून दाखवून, सही केली आहे.

ठिकाण: दुकानावरची खोली. दिनांक: दुकान बंद असण्याचा, म्हणजे उघडे असण्याचा वार, सोमवार.

सही: न्हावी

साक्षीदार १: दाखला देणारे डॉक्टर
साक्षीदार २: चौथ्या सोमवारी ज्याचे केस कापले तो मुलगा, आता वय एकतीस. सही करण्यापूर्वी मी त्याला विचारले. त्याने मान हलवली.

शेजारी उमटलेला अंगठा ठकीचा आहे. वकीलबाई म्हणाल्या, कायद्याला त्याची गरज नाही. मला होती.