टंकलेखिकेचे टेबल भिंतीपासून हलवण्याबाबत

प्रति,
मा. कार्यालय अधीक्षक,
इमारत देखभाल कार्यालय.

विषय : अभिलेख कक्षातील मागच्या भिंतीलगतचे टंकलेखिकेचे टेबल समोरच्या खिडकीपाशी हलवण्याबाबत.

संदर्भ : सदर भिंत कलल्याच्या माझ्या अहवालावरील आपला शेरा, "भिंत नव्हे, निरीक्षक कलले आहेत."

महोदय,

वरील शेरा मिळाला. अहवाल लिहिताना मी कललेला होतो, हे प्रांजळपणे मान्य करतो. गमबूट घालून ओली तळघरे तपासल्याने माझ्या पायाच्या अंगठ्याच्या नखात बुरशी शिरली. डॉक्टरांनी त्यावर पोटात घ्यायच्या गोळ्या दिल्या आणि चक्कर येऊ शकते, शिडीवर चढू नका, असे बजावले. चक्कर आली. मी शिडीवर चढलो नाही. तथापि आपल्या दालनात बसल्या जागी खुर्चीवरून खाली आलो, त्यास आपण साक्षीदार आहात.

त्याच आठवड्यात अभिलेख कक्षात गेलो असता कपाटे, पंखा व शिपाई असे सगळेच एका बाजूला झुकलेले दिसले. मागची भिंत तेवढी सरळ दिसली. मला हायसे वाटले व मी तिला टेकून उभा राहिलो. मग मनात शंकेची पाल चुकचुकली. ज्याला सगळेच तिरके दिसते आहे, त्याला एकच भिंत सरळ का दिसावी? म्हणून शिपायाकडून भिंतीत वर खिळा ठोकून घेतला व त्याला दोरीने ओळंबा सोडला. तो खाली भिंतीपासून चार बोटे दूर राहिला, म्हणजे भिंत वरून आत खोलीकडे झुकली आहे. माझा हात थरथरत असल्याने ओळंबा ग्राह्य नाही, असे आपण म्हणालात. ओळंबा खिळ्याला होता. पण खिळ्याची जागा मी दाखवली होती, यावर आपण बोट ठेवलेत.

त्यानंतर डॉक्टरांनी गोळ्या बंद केल्या व चक्कर गेली. नखाची बुरशी जोमाने परत आली आहे, यावरून शरीरात औषधाचा अंश उरला नसल्याचे सिद्ध व्हावे. मोजा काढून दाखवण्याची तयारी आहे. आता कपाटे सरळ दिसतात, पंखा सरळ दिसतो. भिंत तिरकी दिसते, आणि छताजवळची भेग वाढते आहे.

भिंतीपलीकडे बंद आवार आहे व अलीकडे ते एकच टेबल. टंकलेखिका माझी पत्नी असल्याने या अर्जात माझा स्वार्थ आहे, तो नाकारत नाही. घरी विनवण्या करून झाल्या. "आधी जिन्याचा कठडा सोडून चालून दाखवा, मग माझ्या टेबलाचं बघू," असे ती म्हणाली. चालून दाखवले. त्यावर, साहेबांच्या लेखी हुकमाशिवाय कार्यालयाचे टेबल हलणार नाही, असे तिने ठणकावले. रोज सकाळी ती भिंतीला पाठ करून बसते आणि मी काहीबाही निमित्त काढून दारात घुटमळतो. मला फार भीती वाटते.

भिंत तिरकी मानल्यास आपण गेल्या वर्षी करवून घेतलेल्या तिच्या दुरुस्तीची चौकशी लागेल, ही आपली अडचण मी समजू शकतो. म्हणून विनंती टेबलापुरतीच आहे. हुकमात 'खिडकीपाशी उजेड बरा' एवढेच कारण द्यावे. चुकीच्या अहवालाबद्दल माझ्यावर सुरू केलेली कारवाई खुशाल चालू ठेवावी.

आपला आज्ञाधारक व हल्ली सरळ उभा,
(सही)
इमारत निरीक्षक
दिनांक : आजचाच

सोबत :
१. गोळ्या बंद केल्याचे डॉक्टरांचे पत्र.
२. भिंतीचे छायाचित्र. ते मेव्हण्याने काढले आहे. त्याला कोणतेही औषध चालू नाही.
३. भिंत पूर्णपणे सरळ असल्याचा माझ्या सहीचा दाखला. टेबल हलल्यावर त्यावर दिनांक घालून घ्यावा.